मेण ओतलेली बाटली

“पण बाई, आत पाहिल्याशिवाय कळणार कसं, जिवंत आहेत की मेलेत?”

कौस्तुभने हा प्रश्न त्या आठवड्यात इतक्यांदा विचारला होता की सावईकरबाईंनी मान वर केली नाही.

“ठेव,” त्या म्हणाल्या.

हेच. नेहमी हेच. कौस्तुभच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परदेशातलं बोलावणं नाकारून हा पठ्ठ्या बाईंच्या हाताखाली आलेला, आणि शिकायला काय मिळालं, तर ‘ठेव’.

समुद्राच्या तळाशी चिखल ओकणारी एक टेकडी होती. तिच्या पोटातून मिथेन वायू वर येतो आणि चिखलातले सूक्ष्मजीव तो वाटेतच खाऊन टाकतात. हवा लागली की मात्र ते मरतात. तो चिखल बाटल्यांत बंद करून हे जीव वाढवायचे, एवढंच कौस्तुभचं काम. चिखल घेऊन आलेली बोट पुन्हा तिकडे जाणार नव्हती आणि शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपत होती. हे जीव जगले नाहीत तर पीएचडीवर पाणी सोडायचं.

“ठेवून ठेवून वाट लागली, बाई. परवा पाहिलं, काल पाहिलं. वायू जसाच्या तसा. खातच नाहीत.”

“कसं पाहिलंस?”

“बुचातून सुई घालून थोडा वायू काढला. अगदी जपून.”

“रोज?”

“मग? लक्ष नको ठेवायला?”

बाई उठल्या. त्यांनी थंड खोलीचं दार उघडलं.

फळीवर बाटल्या ओळीने उभ्या होत्या. बुचांची टोचून टोचून चाळण झालेली. आतल्या राखी चिखलावर तांबूस साय धरली होती.

“ही साय कसली?”

“वाढ असावी, असं मला...”

“गंज आहे. हवेचा.”

...

कौस्तुभ बुचांकडे पाहत राहिला. त्याला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

बाईंनी फळीच्या मागे हात घालून एक बाटली ओढली. तिच्या तोंडावर मेणाचा जाड गोळा होता. आतला चिखल काळाकुट्ट.

“आणि ही?”

“ती बाद आहे. झाकण वाकडं बसलं म्हणून वर मेण ओतलं. मग सुई मेणाने तुंबायला लागली. वैतागून मागे सारून दिली.”

“काळी का झाली?”

उत्तर त्याला पाठ होतं. वायू खाल्ला जातो तेव्हा सडक्या अंड्यांच्या वासाचा दुसरा वायू तयार होतो, तो चिखलातल्या लोखंडाला भेटतो आणि चिखल काळा पडतो. आणि या बाटलीत मिथेनखेरीज खायला काही ठेवलेलंच नव्हतं.

“म्हणजे बाई... हे...”

त्याचे डोळे भरून आले. हात मात्र टेबलावरच्या सुरीकडे गेला.

“एकदाच. थोडंसं मेण खरवडून, नुसती खात्री...”

बाई त्याच्या हाताकडे पाहत राहिल्या.

...

सुरी खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

“मग प्रबंधात लिहू काय?” तो चिडून म्हणाला. “इतके दिवस राबलो, त्यात मी केलं तरी काय?”

बाईंनी बाटली पुन्हा फळीच्या मागे सारली आणि दिवा घालवला.

“मेण ओतलंस,” त्या म्हणाल्या.