दोनशेपैकी दोनशे

हेमांगी मोहिते हिच्या प्रबंधाचा मराठी सारांश मी तपासला. त्यातील दोन शब्दांविषयी तिच्या मार्गदर्शकांसमोर शंका विचारली. या घटनेत माझा भाग एवढाच, असे त्या सकाळी मला वाटत होते.

"'पूर्णतः निरुपद्रवी' हे कशावरून?" मी विचारले.

"दोनशेपैकी दोनशे, बाई," हेमांगी म्हणाली. "आणखी कशावरून हवं?"

आम्ही तिघे डॉक्टर पेणकरांच्या प्रयोगशाळेत बसलो होतो. खोलीला बेकरीचा वास होता. हेमांगी माझी विद्यार्थिनी; मी तिच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. दहावीला आमच्या शाळेतून पहिली आलेली. पेणकर सरांची उभी हयात यीस्टच्या सहवासात गेली होती. ते फार कमी बोलत, आणि जे बोलत ते पुन्हा सांगत नसत.

"जरा नीट सांग," मी म्हणाले. "मी भाषेची बाई. मला रसायनातलं काही येत नाही."

"बुरशी धान्य नासवते. एका रानझाडाच्या सालीचा अर्क तिला रोखतो. पण तेच धान्य माणसं खाणार. अर्कानं पेशींना अपाय होतो का, हे आधी पाहायला हवं. ती पहिली पायरी यीस्टवर करतात. यीस्टची पेशी पुष्कळशी आपल्यासारखाच श्वास घेते."

"आणि श्वास घेता आला नाही तर?"

"साखर आंबवून जगते. कशीबशी. पण साखरेऐवजी ग्लिसरीन दिलं, तर श्वासाशिवाय जगताच येत नाही." तिने दोन बोटे उंचावली. "एका पेशीपासून ताटलीत एक ठिपका वाढतो. त्याला वसाहत म्हणतात. अर्क घातलेल्या साखरेच्या ताटल्यांतल्या दोनशे वसाहती मी ग्लिसरीनवर ठेवल्या. दोनशेच्या दोनशे वाढल्या. तुमच्या शाळेचा निकालच म्हणा ना, बाई. अकरा वर्षं शंभर टक्के."

मला बरे वाटले. ते मी लपवत नाही.

"सर, सही करता ना?" हेमांगीने प्रबंध पुढे सरकवला. "सोमवारी दिला नाही, तर जर्मनीतली संशोधनाची जागा दुसऱ्याला जाईल."

सरांनी पेनाचे टोपण काढले होते. ते त्यांनी पुन्हा लावले.

मग ते उठले. कोपऱ्यातल्या उबेच्या कपाटातून त्यांनी काचेची एक झाकलेली ताटली आणली आणि माझ्यापुढे ठेवली. शेजारी दात कोरायच्या काड्यांची डबी ठेवली.

"बाई, यातल्या दहा वसाहती उचला."

"सर, त्यांना कशाला?" हेमांगी हसली. "त्यांना काय कळणार त्यातलं?"

"म्हणूनच."

छत्तीस वर्षे खडू धरलेला माझा हात अजून थरथरत नाही. मी दहा काड्या घेतल्या आणि दहा वसाहतींना एकेक टेकवली. साईच्या रंगाच्या, वाटोळ्या, टपोऱ्या वसाहती होत्या त्या.

"याच का?" सरांनी विचारले.

"चांगल्या दिसल्या."

"हेमांगी, तू कोणत्या उचलल्या होत्यास?"

"अशाच."

"दोनशेही?"

"सर, सगळेच अशा उचलतात. काडीला लागायला तर हव्यात."

सरांनी ताटली खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्या हातात भिंग दिले.

मलाही दिसले. टपोऱ्या वसाहतींच्या मधल्या जागेत खसखस सांडावी तसे बारीक ठिपके होते. मी त्यांना धूळ समजले होते.

"या खुरट्या आहेत, सर," हेमांगी म्हणाली. "प्रत्येक ताटलीत असतात."

"अर्क नसलेल्या ताटलीत किती?"

"शंभरात एखादी."

"इथं?"

...

ती मोजू लागली. मोजताना तिचे ओठ हलत होते. चौथीतही हलत असत. एकदा चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"शंभरात चौतीस."

तिने भिंग खाली ठेवले.

"मी दुसऱ्या दिवशी मोजत होते, सर. तेव्हा या नव्हत्या."

"होत्या. दिसत नव्हत्या. ही ताटली तू टाकून द्यायच्या ढिगात ठेवलीस. मी ती परत उबेला ठेवली. आज पाचवा दिवस."

त्या प्रयोगशाळेत एक नियम होता. सरांनी पाहिल्याशिवाय कोणतीही ताटली टाकायची नाही. मुले त्यांच्यामागे त्याला 'सरांचं श्राद्ध' म्हणत. हे हेमांगीनेच मला एकदा हसत सांगितले होते. आता ती हसत नव्हती.

"पण वाढल्या, म्हणजे जिवंत आहेत ना?" ती म्हणाली.

"जिवंत आहेत. श्वास घेतात?"

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले. "दोन वर्षं तुझ्या ताटल्या पाहतोय. मीही मोठ्याच पाहिल्या."

हे वाक्य मी आजवर एकाही मुख्याध्यापकाच्या तोंडून ऐकलेले नाही. माझ्या तोंडूनही नाही.

सर माझ्याकडे वळले.

"बाई, अकरा वर्षं शंभर टक्के?"

"हो."

"परीक्षेला मुली बसवल्या किती?"

...

मी उत्तर टाळू शकले असते. टाळले नाही, कारण समोर माझी विद्यार्थिनी बसली होती.

दरवर्षी दहावीचे अर्ज भरण्यापूर्वी मी तीन-चार मुलींच्या पालकांना बोलावत असे. खुर्ची देत असे, चहा मागवत असे. मग सांगत असे, की यंदा हिला सतरा नंबरचा अर्ज भरू द्या. त्या अर्जावर मुलगी बाहेरून परीक्षेला बसते. आमच्या निकालात ती येत नाही. पालक बहुतेक वेळा माझे आभार मानून जात.

हे सारे मी सांगितले. माझा आवाज नेहमीइतकाच स्पष्ट होता.

"मालन जगदाळे," हेमांगी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिले.

"माझ्या बाकावर बसायची. दिवाळीनंतर आलीच नाही. तुम्ही म्हणालात, 'हेमांगी, आता ऐसपैस बस.'"

मला ते आठवत नव्हते. पण वाक्य माझेच होते.

"पास झाली का ती, बाई?"

"मला माहीत नाही."

...

बाहेर कोणीतरी बाटल्या धूत होते.

"सर," हेमांगी हळू आवाजात म्हणाली, "या ताटलीचं आपल्या तिघांनाच ठाऊक आहे. तुम्ही सही केलीत, तर कोणी विचारणार नाही."

"नाही विचारणार."

"आणि नाही केलीत, तर माझी जागा जाईल."

"जाईल कदाचित."

"चार वर्षं, सर. आई अजून गावात सांगत नाही, लेक नेमकं काय करते ते. म्हणते, कळल्यावर हसतील. एवढं शिकून पोरगी पीठ आंबवते. जर्मनीचं पत्र आलं, तेव्हा पहिल्यांदा तिनं चार घरी सांगितलं."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता, तर तिला सोपे गेले असते.

त्यांनी पेन उचलले, टोपण काढले, आणि ते तिच्या हातात दिले.

"सही तुमची हवी, सर."

"प्रबंध तुझा आहे."

तिने पेन धरले. एकदा प्रबंधाकडे पाहिले, एकदा ताटलीकडे. ताटलीत मी उचललेल्या दहा जागी दहा खळगे पडले होते. खसखस जिथल्या तिथे होती.

मला वाटले, काहीतरी बोलावे. शिक्षिकेला असे नेहमीच वाटते. मी काड्यांची डबी बंद केली.

हेमांगीने सारांशाचे पान उलटले. 'पूर्णतः निरुपद्रवी' या शब्दांवरून तिने रेघ ओढली. सरळ रेघ, पट्टीशिवाय. मग सरांचे पेन त्यांना परत दिले आणि ती उठून पाणी पिऊन आली.

"कसं करायचं, सर?" तिने विचारले.

पुढच्या अर्ध्या तासात जे ठरले, ते असे. प्रबंध सोमवारी जाणार नाही. ताटलीखाली चौकटी आखलेला कागद ठेवायचा. चिठ्ठी काढून चौकट ठरवायची आणि त्या चौकटीत जे जे उगवले असेल, ते सारे उचलायचे. भिंगाशिवाय दिसत नसेल, तर भिंग लावून उचलायचे. अशा सहाशे वसाहती. कमीत कमी तीन महिने. जर्मनीला सर स्वतः पत्र लिहिणार होते, आणि त्यात कारण न झाकता लिहिणार होते.

हेमांगीने हे मान्य केले. लगेच नाही, आधी तिने विचारले, की चौतीस हा आकडा खरा ठरला तर अर्काचे काय. सर म्हणाले, "मग तसं लिही." त्यावर तिने मान हलवली.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी यावे, असे सरांनी सुचवले. तेही मान्य झाले. मी मान्य केले.

निघताना मी दारात थांबले.

"डॉक्टर, मी येऊन करायचं काय? मला तर टपोऱ्याच तेवढ्या दिसतात. आज पाहिलंत तुम्ही."

सरांनी टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली आणि माझ्या हातात दिली.

"काड्या हेमांगी धरील," ते म्हणाले. "तुम्ही हजेरी घ्या."