मोराची मान आणि हळदीचा हात

नरहरशेठ काटव्यांचा पाणउतारा केला तो त्यांच्याच दुकानाच्या दारानं, आणि तोही साऱ्या तालुक्यादेखत!

दार होतं मोठं देखणं. साड्यांचं दुकान म्हणून अख्ख्या काचेचं, आणि मूठ म्हणून आतबाहेर हातभर लांबीचा एकेक पितळी मोर. बाहेर लगेच पायऱ्या, म्हणून दार उघडायचं ते आतच. पण मोर दिसला की माणूस धरायचा त्याची मान, आणि ओढायचा! दार हलायचं नाही. पुन्हा ओढायचा. मग वैतागून काचेवर थाप मारायचा, की दार आत जायचं आणि माणूसही दारापाठोपाठ आत!

सोमवारी स्वतः शेठनीच मोराची मान धरली. फोन कानाला, लक्ष भलतीकडे. ओढलं. पाय रोवून ओढलं. टोपी पडली, तरी ओढलं! समोरच्या टपरीवरून कुणीतरी ते फोनमध्ये टिपलं, मागे बँडबाजा लावला आणि सोडून दिलं. दुपारपर्यंत सांगलीच्या व्याह्यांनी तोच व्हिडिओ शेठना परत धाडला, खाली हसून हसून रडणारे आठ पिवळे चेहरे!

त्या व्हिडिओत एक हसू खणखणीत ऐकू येत होतं. ते होतं ठमाबाईचं. अकरा वर्षं ती या दुकानाची झाडलोट करत होती, आणि तिच्या घरची चूल या एका नोकरीवर पेटत होती.

शेठनी तिला गादीपुढं उभं केलं. "हसलीस?"

"हसले," ठमाबाई म्हणाली. "तुम्ही आरशात बघितलं असतं तर तुम्हीही हसला असता!"

मॅनेजर वामनरावांनी डोळे मिटून घेतले.

"अस्सं! एवढी शहाणी आहेस ना? मग शनिवारपर्यंत या दाराला वळण लाव. त्या दिवशी बाहेरून एकाही माणसानं दार ओढता कामा नये. ओढलं, तर रविवारपासून घरी बस! आणि ऐक. मोर काढायचा नाही, खास घडवून घेतलाय. झाकायचा नाही. दार उघडं ठेवायचं नाही, एसी चालू असतो. दारात माणूस उभा करायचा नाही. आणि एक अक्षर लिहायचं नाही! तीन पाट्या लावल्या, कुणी ढुंकून बघत नाही."

"ज्यानं दार बसवलं तो इंजिनिअर काय म्हणतो?"

"तो म्हणतो, लोकांना शिकवा."

"गावातल्या एवढ्या लोकांना शिकवायचं, आणि एका दाराला नाही? चांगला शिकलाय की!"

शुक्रवारी वामनराव ओरडतच आले. "ठमाबाई! सकाळपासून काचेला फडकं लागलं नाही! शेठ बघतील तर शनिवारची वाट नाही बघायचे!"

"आज पुसायची नाही. काच माझ्याशी बोलतेय."

"काच बोलतेय? उन्हात फिरलीस काय गं?"

दिवेलागणीला ठमाबाई दाराबाहेर पायरीवर उभी राहून तिरक्या नजरेनं काच न्याहाळू लागली. मग लख्ख पुसली आणि घरी गेली.

शनिवारी लग्नाचा बस्ता बांधायला वऱ्हाडच्या वऱ्हाड उतरलं. शेठ गादीवरून दारावर डोळा ठेवून. पहिली आली वरमाय, भरल्या अंगाची आणि घाईची. तिचा हात मोराकडे गेला, आणि चटका बसल्यागत मागे आला! मग तिनं दुसरीकडे बघितलं, काचेवर तळवा टेकला, आणि दार अलगद उघडलं. तिच्यामागून करवल्या, मामा, मावश्या. एकानंही ओढलं नाही!

संध्याकाळी शेठना राहवेना. मागच्या दारानं बाहेर पडून ते पुढच्या दाराशी आले. सवयीनं हात मोराकडे गेला, आणि थबकला. मोराच्या गळ्यात लिंबू-मिरची!

"ही कुणी बांधली?"

"तुम्हीच की!" ठमाबाई आतून ओरडली. "दर शनिवारी चौकटीला बांधता, मी फक्त हातभर खाली घेतली. मोर काढला नाही, झाकला नाही. पण लिंबू-मिरचीला हात लावील असा मायेचा पूत या गावात आहे का?"

शेठनी हात मागे घेतला. छातीच्या उंचीवर काचेत हळदीचा एक पंजा उमटला होता, नव्या नवरीनं भिंतीवर उमटवावा तसा. नकळत शेठचा तळवा त्यावर जाऊन बसला, दार उघडलं आणि शेठ आत!

"हा इथंच कसा?"

"रोज सकाळी काच मी पुसते. वैतागलेला माणूस थाप कुठं मारतो ते मला ठाऊक, तुमच्या इंजिनिअरला नाही. शुक्रवारी पुसली नाही, म्हणून सगळे हात एका जागी दिसले. तिथंच उमटवला. आणि आतल्या बाजूनं, म्हणजे गिऱ्हाइकाचा हात पिवळा नको व्हायला."

"पण हा तर डावा हात! शुभकार्याला?"

"बाहेर जाऊन बघा, उजवाच दिसतोय!"

शेठ वळले, तरातरा दाराशी गेले आणि त्या पंजावर हात ठेवून ढकलू लागले. दार हलेना. पुन्हा ढकललं. टोपी पडली!

"ठमे!" शेठ गरजले. "आतून दार ओढायचं असतं, आणि तुझा हात आतूनही दिसतोय! आता आतलं माणूस अडकायला लागलं, त्याचं काय?"

वामनरावांनी पुन्हा डोळे मिटले.

ठमाबाईनं शांतपणे टोपी उचलली, झटकली आणि शेठच्या हातात दिली.

"शेठ, आत येणारं गिऱ्हाईक अडलं तर तुमचं नुकसान. बाहेर जाणारं अडलं, तर तेवढ्यात आणखी एक साडी दाखवायची!"

शेठनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग जे हसू फुटलं ते थांबेना, पोट धरून ते गादीवर बसले आणि डोळे पुसत ओरडले, "वामनराव, काढा फोन! मी पुन्हा ढकलतो, तुम्ही टिपा, हा व्हिडिओ मीच धाडतो सांगलीला! आणि ती शोकेसमधली मोरपंखी पैठणी उतरवा. ठमाबाईच्या अंगावर टाका! रविवारी सुट्टी, पगारी! आणि ठमे, सोमवारी ती नेसूनच कामाला ये!"

"नेसून येते," ठमाबाई म्हणाली, "पण काच तेवढी सोमवारी तुम्ही पुसा!"