जामदारखान्यातला परवाना

"नक्कल? माझ्या राजवाड्यात परवान्याची नक्कल?"

आंबेदऱ्याचे बाबाराजे गरजले आणि दिवाण कोरगावकरांच्या हातातला चहा बशीत सांडला. संस्थान कधीच खालसा झालं होतं. राजवाड्यात आता हातमागाच्या साड्यांचे नमुने काढायचा कारखाना होता. राज्य गेलं होतं, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती!

प्रकरण असं होतं. नमुने काढायचं एक भारी सॉफ्टवेअर महाराजांनी विकत घेतलं. त्याच्याबरोबर कंपनीनं परवान्याची एक इवलीशी फाइल पेनड्राइव्हवर धाडली. ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. आता तिघं मुलं एका राजाची असली, तरी एका मताची थोडीच असणार! थोरल्या युवराजांचा संगणक विंडोजवर चाले, धाकट्यांना मॅकशिवाय दुसरं काही दिसत नसे आणि राजकन्या लिनक्सवर बसत.

दिवाणजींनी तिन्हीकडे फाइलची एकेक नक्कल टाकली. थोरल्यांकडे ती टाकताना तिच्या नावाला '.txt' असं शेपूट चिकटलं. राजकन्येकडे नावात लहान अक्षराच्या जागी मोठं पडलं आणि लिनक्सनं तिला ओळखच दिली नाही. धाकट्यांकडे ती कुठल्या फोल्डरात गेली, ते दिवाणजींनाही सांगता येईना. सॉफ्टवेअर तिन्हीकडे बंद!

"ही सुगंधा काम नीट करत नाही," दिवाणजींनी बोट दाखवलं.

सुगंधा वाघचौरे ही राजवाड्याच्या ड्रायव्हरची मुलगी. संगणक सांभाळायला रोजंदारीवर होती. तिनं तर त्या फाइलला हातही लावला नव्हता. पण दिवाणजींचं बोट एकदा वळलं की वळलं, हे तिला ठाऊक होतं.

"ऐक, पोरी!" महाराज म्हणाले. "परवाना म्हणजे सनद! ती जामदारखान्यात राहील, माझ्या दागिन्यांच्या शेजारी. बाहेर न्यायची नाही, नक्कल करायची नाही, एक अक्षर बदलायचं नाही. आणि उद्या सकाळी व्यापारी येण्याआधी तिन्ही संगणक चालू हवेत. नाहीतर तू आणि तुझे वडील, दोघांनीही दुसरीकडे काम बघा!"

दिवाणजी गालातल्या गालात हसले. सुगंधाचं स्वतःचं ठीक होतं, पण वडिलांचं उभं आयुष्य याच गाड्यांच्या काचा पुसण्यात गेलं होतं.

"महाराज, परवाना नुसता वाचून बघू?"

"वाच. वाचायला कोण नको म्हणतंय? इथे अजून कुणी वाचलेला नाही."

तिनं वाचला. परवाना कचेरीतल्या जुन्या संगणकाच्या नावे होता आणि एका वेळी तिघांना काम करू देणारा होता. पाहुणा चुकीच्या घरी उतरवला होता, दुसरं काही नाही! तिच्या जिवात जीव आला.

"महाराज, एकच विचारते. जामदारखान्यातून बाहेर काही न्यायचं नाही, कबूल. पण आत न्यायला बंदी आहे का?"

"आत? आत हवं तर हत्ती ने!" महाराज म्हणाले आणि जेवायला गेले.

हत्ती काही मिळाला नाही. सुगंधानं कचेरीतला जुना संगणक उचलला, पहारेकऱ्याच्या देखत जामदारखान्यात नेऊन ठेवला, पेनड्राइव्ह त्यालाच जोडला आणि खिडकीच्या गजांतून एक तार बाहेर काढून राजवाड्याच्या नेटवर्कला जोडली. मग राजवाड्यातल्या प्रत्येक संगणकाला जामदारखान्याचा पत्ता तेवढा सांगितला.

संध्याकाळी महाराज आले, तर तिन्ही पडद्यांवर साड्यांचे काठ झळकत होते!

"फितुरी!" दिवाणजी ओरडले. "महाराज, तार बाहेर आली आहे. तारेतून परवाना पळवला हिनं!"

महाराज धावत जामदारखान्यात गेले. पेनड्राइव्ह जागच्या जागी होता. ते कपाळाला आठ्या घालून परतले.

"परवाना आत, मग ही तिघं बाहेर कुणाच्या जिवावर काम करतायत?"

"आपल्याच, महाराज!" सुगंधा म्हणाली. "हे संगणक तारेतून नुसतं विचारतात, 'काम करू का?' आणि आतून उत्तर येतं, 'कर.' आपला हुकूम सगळ्या राजवाड्यात चालतो, त्यासाठी आपण गादीवरून उठून खोलीखोलीत जाता का? ज्याला गरज असते तो येऊन विचारतो."

महाराजांची मिशी जरा हलली.

"आणि यांची तऱ्हा तर निरनिराळी! विंडोज काय, मॅक काय…"

"विचारायची तऱ्हा निराळी असेल, महाराज. थोरले युवराज मुजरा करून मागतात, धाकटे रुसून मागतात. देणारे आपण एकच ना?"

"छान! म्हणजे उद्या कुणीही विचारावं आणि आतून 'कर' म्हणावं?" दिवाणजी फणकारले. तरातरा जाऊन त्यांनी आपल्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर अक्षरं उमटली : परवानगी नाही.

"हे काय? मला नाही? मी दिवाण आहे!"

"तिघं कामाला बसलीत, दिवाणजी," सुगंधा हात जोडून म्हणाली. "आतला हुकूम मोजून तिघांचाच आहे. तो कामाची माणसं मोजतो. हुद्दा विचारत नाही."

महाराजांच्या पोटातून जे हसू उसळलं, त्यानं झुंबरं किणकिणली!

"दिवाणाला तोंडावर 'नाही' म्हणाला! अरे, मला आजवर जमलं नाही ते!" डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं. "घे पोरी!"

"कडं नको, महाराज. कायमच्या नेमणुकीचं पत्र मिळालं तर बरं."

"दोन्ही घे! दिवाणजी, लिहा पत्र. आणि हुद्दा लिहा : संगणक विभागाची प्रमुख!"

दिवाणजी लिहायला बसले. कडं एवढं मोठं होतं की सुगंधाच्या मनगटावरून सरकत थेट कोपराच्या वर जाऊन बसलं, आणि महाराज पुन्हा खो खो हसू लागले.