बस्त्यावबाबाचा पहिला हंडा

आमच्या वाडीत रहाट फिरत होते, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली, ते आता कुणालाच सांगता येत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधोमध गोड्या पाण्याची एकच मोठी बाव. बाव म्हणजे आमच्याकडची विहीर. तिच्यावरचा रहाट बस्त्यावबाबा चालवायचा.

त्याच्या रोजच्या रीती ठरलेल्या. सकाळी क्रूसाची खूण करायची, मगच रेड्याला जुंपायचं. आदल्या दिवशी ज्याच्यावर राग आला असेल, त्याच्या ओट्यावर पहिला हंडा नेऊन ठेवायचा. दुपारी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा झाली की रेडा सोडायचा, टोपी काढून प्रार्थना करायची आणि उन्हं कलेपर्यंत रहाटाला हात लावायचा नाही.

"देवाला ऐकू गेली घंटा, बाबा. आता हाका की रेडा!" लोक चिडवायचे.

"बाव दमते रे, मीपण दमतो," तो हसून म्हणायचा. "दोघं भरून घेतो, मग लागतो कामाला."

ज्याच्या ओट्यावर हंडा दिसे, त्याची बायको विचारायची, "काल काय बोललात हो बस्त्यावबाबाला?" बाबाच्या मनात राग कधी शिळा झाला नाही, असं म्हणतात.

मग एक उन्हाळा फार कडक आला. केळी करपू लागल्या. सगळ्यात मोठी बाग फरसूची. एका दुपारी घंटा झाली, बाबाने रेडा सोडला, डोळे मिटले, आणि फरसूने रेडा पुन्हा जुंपला.

"नको रे फरसू, खाडीचं पाणी आत ओढलं जाईल."

"माझ्या केळी जळतायत, आणि तुम्ही 'नमो मारिया' म्हणत उभे! व्हा बाजूला."

कुणी फरसूला अडवलं नाही. उलट जो तो पाटाचं पाणी आपल्या बागेकडे वळवू लागला. तीन दिवस रहाट थांबला नाही. चौथ्या दिवशी पाणी तोंडात घेतलं, तर खारट!

वर कुणी तरी बाबालाच म्हणालं, "एवढी प्रार्थना करून काय मिळालं हो तुम्हाला?"

ते फार लागलं. बाबा घरी गेला. घरात गोड्या पाण्याचा एकच हंडा उरला होता. संध्याकाळी तो गुडघ्यांवर बसला, 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणू लागला आणि 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी अडला. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडला. दुसऱ्या दिवशीही तेच. पण त्याने रीत सोडली नाही. शब्द येत नव्हते, तरी प्रत्येक घंटेला टोपी काढून उभा राहिला. "बाव खारी झाली ती झाली, येशू," तो म्हणाला, असं म्हणतात, "मला तसा खारा होऊ देऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी त्याने तो हंडा उचलला आणि फरसूच्या ओट्यावर ठेवला. फरसूची बायको रेजिन तान्ह्या लेकीला घेऊन दारात बसली होती. ओठ सुकलेले.

"बाबा, आणि तुम्हाला?"

"घे गं बाय," तो म्हणाला. "आज माझी प्रार्थना पुरी झाली."

रेजिनने लेकीला पाजलं, शेजारणीला दिलं. शेजारणीने पुढच्या घरी दिलं. हंडा सगळी वाडी फिरून आला, तरी पाणी काठोकाठ होतं, असं म्हणतात. तेव्हा फरसूने तो डोक्यावर घेतला, खाली मान घालून बावीपाशी गेला आणि पाणी आत ओतलं. दुपारची घंटा झाली. बाबाच्या मागे अख्खी वाडी उभी राहिली. रविवारच्या घंटेपर्यंत कुणी रहाटाला हात लावला नाही. मग बाबाने ओंजळभर पाणी घेतलं. गोड होतं, पहिल्यापेक्षाही गोड.

आता रहाट गेले, पंप आले. पण दुपारची घंटा झाली की आमच्या वाडीतले पंप अजून बंद होतात आणि उन्हं कलल्याशिवाय सुरू होत नाहीत. कधी सकाळी दार उघडावं, तर ओट्यावर भरलेला हंडा असतो. कुणी ठेवला, का ठेवला, विचारायचं नसतं. हंडा आत घ्यायचा आणि म्हणायचं, "देव बरं करो, बस्त्यावबाबा."