लोड बघून वॅट

इस्लामपुरात विजेच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या इंदुमती ठोसर यांच्या दुकानात एकदा त्यांचे थोरले भाऊ दिनकरराव आले. ते वीजखात्यातले निवृत्त मुख्य अभियंता, त्यामुळे बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत. हातात निकोटिनची वाफ ओढायचं नवं यंत्र होतं. घरात कुणी "सोडा ते" म्हणालं की गुरकावायचे, "आधी विजेतलं काही कळतं का तुम्हाला?"

"इंदे, याला किती वॅट, कोणती कॉइल, कुठली बॅटरी हवी? बरोबर सांगितलंस, तर तू म्हणशील तसं करीन."

"दादा, वॅट कशावरून ठरवायचा?"

"लोडवरून. एवढंही ठाऊक नाही?"

"मग लोड तपासू. लहानपणी नदीपलीकडून मला एका दमात हाक मारायचास, तशी मार बघू."

दिनकररावांनी "इंदेऽऽ" म्हणून सूर लावला आणि अर्ध्यातच खोकल्याची उबळ आली. इंदुमतींनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"दादा, इथे लोड म्हणजे तुझी छाती, आणि तिला एक वॅटही सोसत नाही. तेव्हा वॅट शून्य, कॉइल नको आणि बॅटरी माझ्याकडे."

अभियंत्यांना उत्तरात चूक सापडेना. त्यांनी बॅटरी काढून बहिणीच्या हातावर ठेवली आणि ते म्हणाले, "माझ्याहून मोठी इंजिनिअर झालीस गं."