ऐंशी जणांची पंगत

एका गावात एक भोळा पदवीधर होता. नाव अंबादास. त्याची आई गिरजाबाई एसटी स्टँडसमोर खानावळ चालवायची. अंबादास वाढायचा.

तालुक्याच्या गावी त्याच्या भगवानमामाचा एक गाळा रिकामा होता. मामा म्हणाला, "ताई, पोराचा एमबीएला नंबर लागला तर गाळा तुझा. दुसरी खानावळ काढ. नाही लागला तर चपलांच्या दुकानाला देतो." गिरजाबाईने त्याच दिवशी मनातल्या मनात त्या गाळ्यात चूल मांडली.

एमबीएला जायचं तर आधी प्रवेश परीक्षा असते म्हणे. मला त्यातलं फार कळत नाही, ऐकलं तसं सांगतो. क्लास लांब शहरात, म्हणून अंबादासने घरीच अभ्यास करायचं ठरवलं. सहा महिन्यांचं वेळापत्रक चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं. खाली थोडी जागा कोरी ठेवली. शहाण्या माणसाने काही सांगितलं की तिथं लिहायचं.

शेजारचे कुंभारे सर म्हणाले, "एका प्रश्नाला दीड मिनिट. नाही झालं तर सोडायचं, पुढचं घ्यायचं."

अंबादासने लिहून घेतलं.

दुपारी एक ड्रायव्हर जेवायला बसला. भाकरी मोडली, दोन घास खाल्ले. दीड मिनिट झालं. अंबादासने ताट उचललं.

"अरे, जेवतोय मी!"

"नाही झालं तर सोडायचं, काका." आणि त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं.

गिरजाबाई धावत आली. "अरे माझ्या राजा, भरल्या ताटावरून कुणी उठवतं का? समोरचा आपणहून पुरे म्हणेपर्यंत हलायचं नाही."

"चुकलंच, आई." लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गणिताचं पुस्तक उघडलं. पहिलंच गणित दोन नळ आणि एका टाकीचं. अंबादास पुढ्यात मांडी घालून बसला. सकाळ गेली. दुपार गेली. सर आले.

"किती झाली रे?"

"पहिलंच चाललंय, सर. अजून पुरे म्हणालं नाही."

सरांनी कपाळाला हात लावला. "पुस्तक कधी बोलतं का? चूक हुडकायची. लाल शाईने वहीत उतरवायची आणि मोठ्यांदा वाचायची. म्हणजे पुन्हा होत नाही."

"चुकलंच, सर." लिहून घेतलं. लाल पेनही आणलं.

रविवारी मामा जेवायला आला. जेवण होईतो अंबादास वही घेऊन समोर उभा. मग मोठ्यांदा वाचायला लागला.

"भगवानमामा. चूक पहिली, आमटी भुरकताना आवाज. चूक दुसरी, नको नको म्हणत चौथी भाकरी. चूक तिसरी, हात आमच्या पडद्याला पुसला."

सगळी खानावळ हसली. मामा लालबुंद झाला. "ताई, आधी याचा नंबर लागू दे. मग गाळ्याचं नाव काढ!"

मामा गेल्यावर गिरजाबाईने अंबादासला जवळ बसवलं. "बाळा, आपण वाढपी. जेवणाऱ्याची चूक काढायची नाही. पंगतीतून फिरायचं, हवं-नको विचारायचं. सगळे उठल्याशिवाय आपण ताटाला शिवायचं नाही. कळलं?"

"कळलं, आई." लिहून घेतलं. कागदावरची जागा तिथं संपली.

परीक्षेच्या दिवशी गिरजाबाईने त्याच्या हातावर दही घातलं. संध्याकाळपर्यंत ती दारातच उभी. अंबादास आला.

"कसा गेला रे पेपर?"

"काय थाट होता, आई! ऐंशी जणांची पंगत. प्रत्येकापुढं एक कॉम्प्युटर. सगळ्यांच्या माना खाली, बोलायला सवड नाही कुणाला."

"आणि तू?"

"मी कसा बसेन? मी रांगेतून फिरलो. काही हवंय का, लाजू नका, म्हणून एकेकाला विचारलं."

"अरे देवा! मग?"

"तिसऱ्या फेरीला साहेब आले. माझा हात धरला आणि थेट दाराबाहेर नेलं."

गिरजाबाईने डोळ्याला पदर लावला. गाळ्यातली चूल विझली.

"रडू नको, आई. मनात म्हटलं, माझं ताट बाहेर मांडणार असतील. पायरीवर बसून राहिलो. सगळे उठले, घरी गेले, दाराला कुलूप लागलं. पण कुणी वाढायला आलंच नाही." अंबादासने हळूच आईच्या पाठीवर हात ठेवला. "आई, त्या परीक्षेवाल्यांना आपल्या खानावळीत आठवडाभर शिकायला ठेव. पंगत उठली की वाढप्याला जेवायला वाढतात, बिचाऱ्यांना तेच ठाऊक नाही."