कोरलेला डोळा

एकदा एक जुनं पितळी चाक उजळण्यासाठी एका वस्तादाच्या दुकानात आलं. गळाच्या काठीला बसवायचं, दोरा गुंडाळायचं, ओंजळीत मावेल एवढं ते चाक. त्याच्या कुशीवर रुपयाएवढा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर उठावाचा एक मासा. चाक काळवंडलेलं होतं, बिल्ल्यावर हिरवट थर चढला होता.

गाव खाडीकाठचं. वस्ताद पंचाहत्तरीचे. देवळांच्या घंटा, समया, तलवारींच्या मुठी, गेलेल्या माणसांची घड्याळं असं पुष्कळ काही त्यांच्या हातून उजळून निघालं होतं आणि ते ज्ञानी आहेत याबद्दल गावाचं एकमत होतं. ज्ञानी माणसाची एक मोठी सोय असते. तो नुसता गप्प बसला तरी लोक त्यातून अर्थ काढतात.

त्यांच्या हाताखाली एक शिष्या होती. वय चोवीस. कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडून आलेली. का सोडलंस, असं वस्तादांनी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "सर पुस्तक वाचून दाखवायचे. वाचता मलाही येत होतं."

वस्ताद हसले होते. "इथं पुस्तक नाही. इथं चुकायचं आणि शिकायचं."

तिला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. दोन वर्षं तिने समया घासल्या आणि चुकत चुकत बरंच काही शिकली.

चाक घेऊन आलेला माणूस जाळी आणि दोरखंडांचा व्यापारी होता. तो बाकावर टेकला आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "वस्ताद, शुक्रवारी अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन. वर्ष झालं, ते कुणालाच ओळखत नाहीत. मी पुढ्यात बसलो की विचारतात, 'कुठल्या गावचे आपण?' पोटच्या पोराला 'आपण'! परवा माळा आवरताना हे चाक खाली पडलं. त्या आवाजासरशी त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, 'माझं चाक.' वर्षभरात पहिल्यांदा कशाला तरी 'माझं' म्हणाले हो."

"मग लगेच हातात का नाही दिलंत?" शिष्येने विचारलं.

"असं कळकट कसं देऊ? शुक्रवारी चारचौघांसमोर देईन. अण्णांनी विकत आणलं त्या दिवशी जसं होतं, तसं करून द्या मला. हे ओळखलं, तर कदाचित त्या नादात मलाही ओळखतील."

वस्तादांनी चाक हातात घेतलं. "त्यांना दिसतं का?"

"अंधुक. पण लोकांना दिसतं ना, वस्ताद!"

"गळ तेच टाकायचे?"

"चाळीस वर्षं. रोज पहाटे, खाडीवर."

वस्तादांनी आपला अंगठा बिल्ल्यावर एकदा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि चाक शिष्येच्या पुढ्यात सरकवलं. "हे तू कर."

एवढं मोठं काम त्यांनी तिला पहिल्यांदाच दिलं होतं. तिचे कान गरम झाले.

तिने बिल्ल्याचे दोन बारीक स्क्रू काढले. कोमट पाण्यात साबण, मग चिंचेचा कोळ, मग मऊ ब्रश. हिरवा थर सुटला. खवल्यांच्या खोबणीतला काळेपणा तिने मुद्दाम राखला, कारण तो गेला तर मासा सपाट दिसतो, हे तिला ठाऊक होतं. शेपटी उमटली, पर उमटले. डोक्यापाशी मात्र धातू झिजून गुळगुळीत झाला होता, उथळ खळगा पडला होता आणि डोळा मुळी नव्हताच.

"वस्ताद, हा मासा आंधळाय."

"असं?"

"झिजलाय. मी सारखा करून घेते आणि डोळा काढते."

वस्ताद चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. तिला वाटलं, काहीतरी सांगणार. त्यांनी विचारलं, "नीट दिसतंय का तुला?"

"थोडा अंधार आहे."

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, खिडकीपर्यंत गेले आणि तिच्या बाजूचं झडप त्यांनी पुरतं उघडून दिलं. उजेड थेट बिल्ल्यावर पडला. मग ते परत येऊन बसले आणि उरलेला चहा पिऊ लागले.

याहून स्पष्ट होकार कोणता असतो? तिने कडा घासून खळगा सपाट केला, पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर बिल्ला धरला आणि शेवटी बारीक कोरणीने डोळा कोरला. गोल, टपोरा. मधोमध ठिपका. झाल्यावर स्वतःच म्हणाली, "बघा, पाण्यातून आत्ता वर आल्यासारखा दिसतोय."

"हात छान आहे तुझा," वस्ताद म्हणाले.

शुक्रवारी व्यापाऱ्याच्या अंगणात गाव लोटलं होतं. एक्याऐंशी दिव्यांनी अण्णांचं औक्षण झालं. ते नवं धोतर नेसून, कुणा परक्याच्या लग्नाला आल्यासारखे संकोचून बसले होते. लाडू देणाऱ्या सुनेला त्यांनी हात जोडले. मग व्यापारी पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने चाक बापाच्या हातात ठेवलं.

हातांना आठवत होतं. डाव्या हाताने चाक खालून उचलून धरलं, उजव्याने मूठ फिरवली. पितळेचा कर्र आवाज झाला आणि म्हातारबुवांची पाठ ताठ झाली. अंगणात कुणी हलेना. अण्णांचा अंगठा सरकत बिल्ल्यावर गेला. गळाला मासा लागला की दोऱ्याआधी अंगठ्याला कळतं म्हणतात. चाळीस वर्षं तो अंगठा त्या एका जागी टेकून वाट बघत बसला होता.

अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा गेला. गोल फिरला. घरी परतलेल्या माणसाने दाराला हात लावावा आणि दाराच्या जागी भिंत लागावी, तसा तो चाचपडला.

"अण्णा, ओळखलंत? कुणाचं हे?"

"छान आहे," अण्णा म्हणाले. "नवं घेतलंत का?"

"तुमचंच आहे हो, अण्णा."

"नाही, नाही. माझा मासा आंधळा आहे. हा बघतो." त्यांनी चाक अदबीने पुढे केलं. "आपलं आपल्याला असू द्या. फार भले गृहस्थ आहात आपण. कुठल्या गावचे?"

व्यापाऱ्याने चाक घेतलं. "इथलाच," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

शिष्या मागे खांबाला टेकून उभी होती. आपल्या भाषेत डोळा काढणं म्हणजे चितारणं आणि डोळा काढणं म्हणजे उपटणंही. आपण त्या दिवशी कुठला शब्द वापरला होता, ते तिला आत्ता ऐकू आलं.

परतताना दोघे खाडीच्या रस्त्याला लागले. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"अंगठा ठेवलात तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच."

"मग झडप का उघडलंत?"

वस्ताद थांबले. ज्या प्रश्नाची वाट बघावी तोच आल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला होता. ते शांतपणे बोलू लागले. "पोरी, मी नुसतं सांगितलं असतं की प्रत्येक झीज म्हणजे बिघाड नव्हे, तर तू मान डोलावली असतीस आणि आठ दिवसांत विसरली असतीस. वस्तूवर दोघे काम करतात. एक घडवणारा, दुसरा वापरणारा. घडवणाऱ्याने डोळा दिला. वापरणाऱ्याने अंगठ्याने तो बुजवून तिथे स्वतःची जागा केली. आपण उजळणारे तिसरे. तिसऱ्याने दुसऱ्याचं काम ओळखावं. हे तू आता मरेपर्यंत विसरणार नाहीस. ऐकलेलं विरतं. चुकलेलं विरत नाही."

बोलणं सुंदर होतं. खरंही होतं. दुसऱ्या एखाद्या कथेत शिष्येने इथे वाकून नमस्कार केला असता आणि कथा संपली असती.

ती म्हणाली, "चूक माझी होती, वस्ताद. चाक त्यांचं होतं."

वस्ताद तिच्याकडे वळले.

"मला धडा शिकवायला एखादी जुनी समई घ्यायची होतीत. फुटकी घंटा घ्यायची होतीत. तुम्ही त्या माणसाचा बाप घेतलात." तिचा आवाज चढला. "मी उजेड मागितला आणि तुम्ही दिलात. सांगायचं तेवढं राखून ठेवलंत. कशासाठी? नंतर इथे उभं राहून हे एवढं छान बोलता यावं म्हणून?"

भरती चढत होती. वस्तादांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आपल्या गुरूने आपल्यालाही असंच शिकवलं, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं असावं, कारण त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे व्यापाऱ्याच्या घरी गेले. अंगणात मांडवाचे बांबू सोडवणं चाललं होतं. ओसरीवर अण्णा बसले होते आणि त्यांच्या शेजारी व्यापारी. चाक व्यापाऱ्याच्या मांडीवर होतं. तो आपल्या अंगठ्याने माशाचा डोळा घासत होता. रेटून, पुन्हापुन्हा. अंगठ्याचं टोक लाल झालं होतं.

शिष्येने वस्तादांच्या आधी बोलायला घेतलं. "काका, तो डोळा माझ्यामुळे..."

"हिच्यामुळे नाही," वस्ताद म्हणाले. "हिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी होऊ दिलं."

व्यापाऱ्याने वर पाहिलं, पण अंगठा थांबवला नाही. तो ओरडेल असं शिष्येला वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आंधळाच हवा होता, हे माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मीही गाढवच, नवं करा म्हणालो. पण मला माहीत नव्हतं हो, वस्ताद." त्याने बिल्ल्यावर फुंकर घातली. "तुम्हाला एकच शब्द बोलायचा होता. 'थांब.'"

मग तो बापाकडे वळला, त्यांचा अंगठा धरून त्याने बिल्ल्यावर ठेवला आणि हळूच विचारलं, "बघा बरं अण्णा, आता?"

अण्णांनी सौजन्याने बोट फिरवलं. "अजून बघतोय," ते म्हणाले.

"बरं," व्यापारी म्हणाला आणि त्याने चाक परत मांडीवर घेतलं.

चाळीस वर्षांची झीज होती ती. अण्णांना एक्याऐंशी पुरी झाली होती. ओसरीवरच्या चौघांपैकी तिघांना हा हिशेब कळत होता, आणि त्या तिघांत एकालाही तो मोठ्याने मांडायचं धैर्य नव्हतं. वस्ताद पायरीवर उभे होते. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही आणि त्यांनीही बसायला जागा शोधली नाही.

ही कथा शिष्यांना सांगण्यात अर्थ नाही, त्यांना बोधकथा पुष्कळ ऐकवून झाल्या आहेत. सभेत ज्यांच्यासाठी पहिली रांग राखून ठेवतात, त्यांनीच ती एकमेकांना सांगावी.